'कमांडो' : शब्दाचें कूळ आणि शील

सोयरीक जुळवितांना आपल्याकडील वडीलधारी माणसें पूर्वीं दोन गोष्टींची चौकशी करीत : एक कूळ आणि दुसरें शील. कुळाची चौकशी सोपी, कारण ती दहा जणांना विचारून होते. शीलाची पारख मात्र वागणूक पाहिल्यावांचून होत नाहीं. नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपण म्हणतों खरें; परंतु हा नियम शब्दांना लागूं नाहीं असें आम्हांस वाटतें. शब्द हे ऋषि नव्हेत. ते नाना देशांचें पाणी प्यालेले, नाना घरीं राहून आलेले, आणि पुष्कळ वेळां आपला पूर्वेतिहास दडवून आपल्या ओसरीवर बसलेले पाहुणे असतात. त्यांचें कूळ विचारण्यांत असभ्यपणा नाहीं. आणि त्यांचें शील न पाहतां त्यांना एकदम देव्हाऱ्यांत नेऊन बसविण्यांत शहाणपण नाहीं.

हल्लींच्या मराठी घरांत फार सलगीनें वावरणारा असा एक पाहुणा म्हणजे 'कमांडो' हा शब्द. वर्तमानपत्रांत तो आहे, चित्रपटांत आहे, पोलिसांच्या पथकांच्या वर्णनांत आहे, आणि गल्लींत खेळणाऱ्या मुलांच्या तोंडींही आहे. त्याचा अर्थ काय, असें आम्ही वर्गांतील विद्यार्थ्यांस विचारतों, तेव्हां बहुधा एकच उत्तर मिळतें : काळ्या पोशाखांतला, निवडक, कसलेला शिपाई, जें काम इतरांना साधत नाहीं तें रात्रीच्या अंधारांत जाऊन फत्ते करणारा. उत्तर चुकीचें नाहीं, पण अर्धें आहे. त्यांत धाडस आलें, कौशल्य आलें, रहस्याची थोडी गोडीही आली. परंतु शब्दाच्या गाभ्यांत जी वस्तु आहे तीच नेमकी सुटली. ती वस्तु म्हणजे हुकूम. 'कमांडो' हा मुळांत शौर्याचा वाचक शब्द नव्हे. तो हुकुमाचा वाचक आहे. आणि हुकूम म्हटला कीं तीन प्रश्न आपोआप उभे राहतात : हुकूम कोणाचा, तो कोणावर बजावावयाचा, आणि मागाहून त्याचा जाब कोणीं द्यावयाचा? ह्या शब्दाचा सुमारें तीनशें वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे त्याच्या प्रत्येक मुक्कामावर हे तीन प्रश्न वाट पाहात बसलेले दिसतात.

प्रथम कूळ पाहूं. लॅटिन भाषेंत 'मानुस' म्हणजे हात आणि 'दारे' म्हणजे देणें. हें 'दारे' आपल्या संस्कृत 'दा' धातूचेंच भावंड होय. ह्या दोहोंच्या संयोगानें 'मांदारे', म्हणजे हातीं देणें, सोंपविणें, असें क्रियापद झालें, अशी व्युत्पत्ति सामान्यतः मान्य आहे. त्याचाच वंशज पोर्तुगीज भाषेंत 'कोमांदो' ह्या रूपानें आढळतो. तेथें त्याचा अर्थ हुकमत, आणि तीवरून हुकमतीखालीं असलेली मंडळी, असा होतो. पोर्तुगीजांनीं आपल्याला पगार दिला, चावी दिली, पाव आणि बटाटाही दिला. परंतु हा शब्द मात्र गोव्याच्या वाटेनें आपल्याकडे आला नाहीं. तो आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाला डच वसाहतवाल्यांच्या हातीं पडला, तेथून इंग्रजींत शिरला, आणि इंग्रजींतून आपल्याकडे आला. वाटेंत त्याचा अर्थ पुष्कळ पालटला. परंतु मूळचा 'हातीं देणें' हा अर्थ आम्हांस अतिशय मोलाचा वाटतो. जी वस्तु दुसऱ्याच्या हातीं सोंपवितात ती ठेव असते. आणि ठेव म्हटली कीं ठेवणाऱ्याचा हक्क संपत नाहीं व घेणाऱ्याची जबाबदारी सुटत नाहीं. हुकुमाचें नीतिशास्त्र ह्या एका क्रियापदांत सांठविलें आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीनें केप येथें इ. स. १६५२ मध्यें ठाणें घातलें. जहाजांना ताजा भाजीपाला व मांस पुरवावें एवढाच आरंभींचा हेतु होता. पुढें वसाहत पसरूं लागली, गोरे शेतकरी गुरांचे कळप घेऊन आंत आंत सरकले, आणि खोइखोइ व सान ह्या तेथील मूळच्या लोकांच्या चराऊ भूमि व पाणवठे त्यांच्या ताब्यांत जाऊं लागले. सान लोक शिकारीवर जगणारे. हरणें हटलीं, पाणी गेलें, तेव्हां ते गोऱ्यांच्या गुरांवर बाण सोडूं लागले. कंपनीचे पगारी शिपाई थोडे आणि सरहद्द लांबलचक. म्हणून शेतकऱ्यांनींच घोड्यांवर बसून, टोळी करून, निघावें अशी रीति पडली, आणि ह्या टोळीला व तिच्या मोहिमेला 'कमांडो' म्हणूं लागले. इ. स. १७१५ पासून केवळ नागरिकांच्या अशा टोळ्या निघूं लागल्या. इ. स. १७७४ मध्यें सरहद्दीवर एक मोठी 'सर्वसाधारण कमांडो' काढण्यांत आली. तिनें पांचशेंहून अधिक सान लोक ठार केले, आणि पकडलेल्या बायकामुलांना शेतकऱ्यांच्या घरीं राबण्यासाठीं वांटून दिलें.

ह्या शब्दाचा जन्म कोणत्या घरांत झाला तें येथें नीट पाहिलें पाहिजे. हे लोक धंद्यानें खाटीक नव्हते, लुटारू नव्हते. सायंकाळीं कुटुंबाला जवळ बसवून धर्मग्रंथ वाचणारे ते गृहस्थ होते. एरव्हीं एकट्यादुकट्यानें जें करावयास त्यांतील पुष्कळांचें मन धजलें नसतें, तें त्यांनीं टोळीनें आणि कंपनीच्या परवानगीनें केलें. हुकूम कंपनीचा, हात शेतकऱ्यांचे, आणि जाब कोणाचाच नाहीं! कंपनी म्हणे, आम्ही प्रत्यक्ष तेथें नव्हतों. शेतकरी म्हणे, आम्हांस परवानगी होती. हातीं दिलेली ठेव अशी दोन हातांच्या मधल्या मोकळ्या जागेंत पडली म्हणजे तिचा हिशेब कोणालाच द्यावा लागत नाहीं. सज्जन माणसें दुष्कृत्यें कशीं करतात, ह्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक वेळां ह्याच मोकळ्या जागेंत सांपडतें.

ह्यानंतरचें शतक ह्याच शब्दाची दुसरी, अधिक उजळ बाजू दाखवितें. केपमधील इंग्रजी अंमलाला कंटाळून उत्तरेकडे गेलेल्या बोअर लोकांनीं ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट हीं लोकराज्यें स्थापन केलीं. तोफखाना व पोलीस सोडले तर त्यांच्यापाशीं खडें सैन्य नव्हतें. कायद्यानें १६ ते ६० वर्षांचा प्रत्येक नागरिक लढाईला बांधलेला असे. हांक येतांच त्यानें स्वतःचा घोडा, स्वतःची बंदूक, ३० काडतुसें आणि आठ दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हावयाचें. आपल्या इतिहासाच्या वाचकाला येथें शिलेदाराची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. त्या हिशेबानें हे सर्वच शिलेदार होते. परंतु एक मोठा फरक होता. त्यांचे फेल्डकॉर्नेट आणि कमांडंट हे त्यांच्याच मतांनीं निवडलेले असत. ज्याचा हुकूम मानावयाचा त्याला आपणच निवडावयाचें, आणि जें युद्ध आपण पसंत केलें त्याला आपणच घोड्यावर बसून जावयाचें! त्या काळीं कोणी 'मी कमांडो आहें' असें म्हणत नसे. 'मी कमांडोवर जातों' असें म्हणे, जसें आपले पूर्वज मोहिमेवर जात. शब्द माणसाचा नव्हता, कर्तव्याचा होता. त्यांत मिरविण्यासारखें कांहीं नव्हतें. पेरणी टाकून, घर टाकून जावें लागणारा तो एक कंटाळवाणा बोजा होता, आणि तो टाळणारे व न विचारतां घरीं परतणारेही पुष्कळ असत. त्या नागरिकत्वांत काळ्या माणसाला जागा नव्हती, हा त्या लोकराज्यांचा मोठा कलंक होय. तरीही हुकूम देणारा हात आणि तो बजावणारा हात एकाच अंगाचे असावेत, हें तत्त्व आम्हांस फार थोर वाटतें.

ह्या तत्त्वाची कसोटी लवकरच लागली. ऑक्टोबर १८९९ मध्यें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें. जून १९०० मध्यें प्रिटोरिया पडली, आणि युद्ध संपलें असें लंडनला वाटलें. परंतु तेव्हां कमांडोंचें खरें युद्ध सुरू झालें. डी वेट, डी ला रे, बोथा, स्मट्स हे सेनानी लहान लहान टोळ्या घेऊन आगगाड्यांचे रूळ उखडीत, रसद मारीत, आणि पाठलाग होतांच माळरानांत नाहींसे होत. त्यांना आवरण्यासाठीं ब्रिटिश साम्राज्याला एकंदर सुमारें साडेचार लाख माणसें उतरवावीं लागलीं. घोडेस्वार हातीं लागेना, तेव्हां त्याचें घर हातीं घेण्याचें ठरलें. सुमारें ३०,००० शेतवाड्या जाळण्यांत आल्या, आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडण्यांत आलें. रोगांनीं व उपासमारीनें त्या छावण्यांत सुमारें २८,००० बोअर माणसें मेलीं; त्यांतील सुमारें २२,००० मुलें होतीं. काळ्या लोकांच्या छावण्या निराळ्या होत्या. तेथेंही निदान १४,००० माणसें दगावलीं, आणि त्यांची गणनासुद्धां त्या वेळीं कोणीं नीट ठेविली नाहीं. एमिली हॉबहाउस ह्या इंग्रज बाईनें १९०१ सालीं हें सारें आपल्या देशबांधवांपुढें मांडलें, आणि त्याबद्दल त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. ह्याच युद्धांत नाताळांतील सुमारें अकराशें हिंदी लोकांचें शुश्रूषापथक घेऊन गांधीजी इंग्रजांच्या बाजूनें गेले होते. आपली सहानुभूति मनांतून बोअरांकडे होती, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे.

छाप्याच्या युद्धाची नैतिक अडचण येथें उघडी पडते. छापा घालणारा अंधारांत निसटतो, आणि सूड उजेडांत राहिलेल्यांवर उगवला जातो. त्या मुलांच्या मृत्यूचें पाप शेतवाड्या जाळणाऱ्यांचें, ह्यांत आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. परंतु आपल्या कृत्याचें मोल दुसरा कोणी भरणार आहे, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला तो हिशेब अजिबात टाळतां येतो काय? बोअरांनीं तो टाळला नाहीं. मे १९०२ मध्यें फेरीनिगिंग येथें कमांडोंनीं निवडून दिलेले ६० प्रतिनिधि जमले, अनेक दिवस भांडले, आणि अखेरीस ५४ विरुद्ध ६ मतांनीं त्यांनीं तह पत्करला. जीं कारणें त्यांनीं नमूद केलीं त्यांत छावण्यांतील बायकामुलांचे हाल हें एक प्रमुख कारण होतें. ज्यांनीं आपल्याच हातीं तलवार दिली होती, त्यांनींच ती खालीं ठेविली. पराभवांतही जबाबदारी कशी घ्यावी ह्याचें हें उदाहरण आम्हांस रणांगणावरील कोणत्याही विजयापेक्षां कमी योग्यतेचें वाटत नाहीं.

आतां ह्या शब्दाच्या भाग्यांतील सर्वांत चमत्कारिक वळण येतें. जून १९४० मध्यें डंकर्कहून ब्रिटिश फौज कशीबशी मायदेशीं परतली होती. तोफा, गाड्या, सारें साहित्य किनाऱ्यावर टाकून आलें होतें. पराभूत सैन्यानें बलाढ्य शत्रूशीं लढावें कसें, हा विचार करीत असतां, लष्करप्रमुख सर जॉन डिल ह्यांच्या कचेरींतील लेफ्टनंट कर्नल डडली क्लार्क ह्या अधिकाऱ्याला बोअरांची आठवण झाली. त्याचा जन्मच जोहान्सबर्गचा, आणि सालही १८९९, म्हणजे त्या युद्धाच्या आरंभाचें. लहान टोळ्यांनीं समुद्रावरून जाऊन जर्मनांच्या ताब्यांतील किनाऱ्यावर छापे घालावेत, आणि त्या टोळ्यांना 'कमांडो' म्हणावें, अशी त्याची सूचना. मुख्य प्रधान चर्चिल ह्यांनीं ती तत्काळ उचलून धरली. नोव्हेंबर १८९९ मध्यें वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून नाताळांत गेले असतां ते स्वतःच बोअरांच्या हातीं सांपडले होते व पुढें कैदेंतून निसटले होते. लष्कराच्या कागदोपत्रीं 'स्पेशल सर्व्हिस' असें दुसरें नांवही चाले. परंतु त्याचीं आद्याक्षरें नाझींच्या 'एस. एस.' पथकाशीं जुळत! ज्यांचीं घरें जाळलीं त्यांचेंच नांव चाळीस वर्षांनीं जाळणाऱ्यांच्या राष्ट्रानें अभिमानानें धारण करावें, ही काळाची किमया होय.

मराठी वाचकाला ह्यांत फारसें नवल वाटूं नये. मोगलांच्या फारशी लिखाणांत मराठ्यांचा उल्लेख 'गनीम', म्हणजे वैरी, असा येतो; शब्द मूळचा अरबी आणि निंदेचा. परंतु 'गनिमी कावा' हें आज आपल्या भाषेंतील अभिमानाचें पद आहे. एप्रिल १६६३ मध्यें पुण्यांत लाल महालावर शायिस्तेखानाच्या छावणींत शिरून शिवाजी महाराजांनीं घातलेला छापा ज्यानें वाचला आहे, त्याला युरोपांतील कमांडोंच्या कथा ओळखीच्या वाटतील. शत्रूनें दिलेलें नांव भूषण म्हणून मिरविणें ही माणसाची जुनी खोड आहे, आणि तींत वाईट कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं, नांव घेतांना आपण त्याबरोबरचा हिशेबही घेतों काय?

ब्रिटिश कमांडोंनीं नांव घेतलें, पण अर्थ बदलला. हे सर्व नागरिक नव्हते. निवडलेले स्वयंसेवक होते. जो कमी पडे त्याला शिक्षा एकच : मूळ पलटणींत परत पाठवणी. शब्दही हळूहळू टोळीवरून व्यक्तीवर उतरला, आणि एकटा माणूस 'कमांडो' झाला. त्यांच्या शौर्याविषयीं शंका नको. २८ मार्च १९४२ च्या पहाटे फ्रान्समधील सें-नाझेर बंदरावर सुमारें ६११ माणसें गेलीं; दारूगोळ्यानें भरलेलें 'कॅम्पबेलटाउन' जहाज त्यांनीं गोदीच्या दारावर नेऊन आदळलें, आणि युद्ध संपेपर्यंत ती गोदी निकामी केली. १६९ जण मेले, दोनशेंहून अधिक कैद झाले. परंतु पुढच्या गोंधळांत जर्मनांच्या गोळ्यांनीं गांवचे फ्रेंच नागरिकही मारले गेले. म्हणजे उजेडांत राहिलेल्यांनीं मोल भरण्याचा तो जुना नियम येथेंही सुटला नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सार्क बेटावरील छाप्यांत हात बांधलेले कांहीं जर्मन कैदी मारले गेले. ह्याचें निमित्त करून हिटलरनें १८ ऑक्टोबर १९४२ रोजीं एक गुप्त हुकूम काढला : कमांडो छाप्यांत सांपडलेला प्रत्येक शत्रुसैनिक, तो गणवेशांत असो वा नसो, सशस्त्र असो वा शरण आलेला असो, ठार मारावा.

आमच्या मतें ह्या शब्दाच्या इतिहासांतील निर्णायक प्रसंग रणांगणावर घडला नाहीं; तो ह्या हुकुमामुळें न्यायासनापुढें घडला. मार्च १९४४ मध्यें इटलींत रेल्वेचा बोगदा उडविण्यासाठीं उतरलेले गणवेशधारी १५ अमेरिकन सैनिक पकडले गेले, आणि जनरल आंतोन डोस्टलर ह्याच्या आज्ञेनें त्यांना चौकशीशिवाय गोळ्या घालण्यांत आल्या. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला. त्याचा बचाव सरळ होता : हुकूम वरून आला होता, मीं फक्त तो खालीं पोंचविला. न्यायालयानें तो मानला नाहीं, आणि १ डिसेंबर १९४५ रोजीं त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. न्यूरेंबर्ग येथेंही ह्या हुकुमाचा जाब कायटेल व योडल ह्यांना विचारला गेला. केपच्या शेतकऱ्यांच्या वेळीं जी ठेव दोन हातांच्या मधल्या जागेंत पडून हरवली होती, ती येथें प्रथमच शोधून दोन्ही हातांवर परत ठेवण्यांत आली. हुकूम देणारा सुटत नाहीं, आणि हुकूम पाळणाराही केवळ पाळला म्हणून सुटत नाहीं. जेत्यांनीं हें तत्त्व स्वतःला लावलें नाहीं, सार्कच्या कैद्यांसाठीं कोणी खटला भरला नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. परंतु माप सर्वांना लावलें नाहीं म्हणून माप खोटें ठरत नाहीं. तें सर्वांना लावावें एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

मग तें आपणांसही लावलें पाहिजे. चिपळूणजवळच्या छावणींतील आपल्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनीं धाडलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेकडून दाणा, गवत, भाजी जबरदस्तीनें घेऊं नये, बाजारांतून विकत घ्यावी. नाहीं तर ह्यांच्यापेक्षां मोगल बरे असें लोक म्हणतील, असा त्याचा आशय आहे. हुकूम देणाऱ्यानें हुकुमाची मर्यादाही सांगितली पाहिजे, हें त्या राजाला ठाऊक होतें. परंतु पुढच्या शतकांत, १७४२ ते १७५१ ह्या काळांत, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यांत शिरल्या, तेव्हां ती मर्यादा राहिली नाहीं. आपला बारगीर तेथें 'बर्गी' झाला. त्याच्या धास्तीनें कलकत्त्याभोंवतीं खंदक खणला गेला, आणि बंगाली आया मुलांना निजवितांना आजही ज्या गाण्यांत भीति घालतात त्यांत तोच बर्गी आहे. एकच घोडेस्वार, नर्मदेच्या अलीकडे तो पोवाड्याचा विषय, आणि गंगेच्या काठीं तो अंगाईंतला बागुलबोवा. दोन्ही स्मृति खऱ्या आहेत. पोवाडा आपण पाठ करावा आणि अंगाई बंगाल्यानें विसरावी, अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं.

हा सर्व विचार केवळ पुस्तकी नाहीं, हें मुंबईनें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं पाहिलें. दहा तरुण समुद्रावाटे आले. ते निवडलेले होते, कसून तयार केलेले होते, अंधारांत उतरून ठरलेल्या ठिकाणीं गेले, आणि मरणाची त्यांना पर्वा नव्हती. शौर्य व कौशल्य एवढीच जर कमांडोची व्याख्या असेल, तर ह्या दहांना तें नांव नाकारावयाचें कशाच्या बळावर? आपलें मन तर तात्काळ नाकारतें, आणि योग्यच करतें. परंतु कां नाकारतें हें सांगतां आलें पाहिजे. उत्तर त्या तीन प्रश्नांतच आहे. हुकूम कोणाचा? ज्यांनीं दूरध्वनीवरून तो दिला ते पडद्याआड राहिले. कोणावर? आगगाडीची वाट पाहणाऱ्या निःशस्त्र प्रवाशांवर, जेवणाऱ्या पाहुण्यांवर, रुग्णालयावर. १६६ माणसें मेलीं. जाब कोणाचा? पाठविणाऱ्यांनीं प्रथम तर तीं माणसें आपलीं नव्हेत असेंच म्हटलें. कृतीचा आकार सें-नाझेरचा असला तरी शील निराळें आहे, आणि शील कृतीच्या आकारांत नसतें.

त्यांच्याशीं लढण्यासाठीं राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो आले. मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंदर सिंह ह्यांनीं प्राण दिले. हा त्या शब्दाचा उज्ज्वल अर्थ होय. परंतु ते येण्यापूर्वींच गिरगांव चौपाटीवर, सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनीं केवळ लाठीनिशीं पुढें होऊन हल्लेखोराची बंदूक धरून ठेविली, आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्यांना कोणी कमांडो म्हटलें नव्हतें. ते नेमून दिलेल्या जागीं उभे असलेले एक साधे अंमलदार होते; हांक आली आणि ते गेले, एवढेंच. 'कमांडोवर जाणें' ह्याचा जो जुना, मिरवणुकीशिवायचा अर्थ आम्हीं वर सांगितला, तो आम्हांस येथें पुन्हां दिसतो. आणि त्यांच्यामुळें जिवंत हातीं लागलेल्या कसाबाला आपण हिटलरच्या हुकुमाप्रमाणें जागच्या जागीं मारलें नाहीं. त्याला वकील दिला, खटला चालविला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागूं दिली, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं शिक्षा अंमलांत आणली. हा विलंब पुष्कळांना दुबळेपणाचा वाटला. आम्हांस तो राष्ट्राच्या शीलाचा पुरावा वाटतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जो माणूस अंधारांत दोराला लोंबकळून खिडकींतून आंत शिरतो आहे, त्याला नीतिशास्त्राचे तीन प्रश्न विचारीत बसावयास वेळ कोठला? खरें आहे, त्याला वेळ नाहीं. शरण आलेल्याला मारूं नये, निःशस्त्राला स्पर्श करूं नये, एवढी मर्यादा त्याच्या अंगवळणीं आधींच पाडलेली असली पाहिजे. त्यापलीकडील विचार त्यानें त्या क्षणीं करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. परंतु म्हणूनच तो विचार करण्याचें कर्तव्य दुसऱ्या कोणावर तरी येऊन पडतें. तो दुसरा कोण? राजसत्तेच्या काळीं राजा होता. लोकसत्तेंत तो आपण आहों. बोअर नागरिक युद्धाला मत देई तेव्हां त्याला खोगीर कसावें लागे. आपण मत देतों, वर्तमानपत्र वाचतों, चहा घेतां घेतां 'घुसून मारलें पाहिजे' असें म्हणतों, आणि खोगीर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा कसतो. युद्धविद्या कठीण झाली आहे. निवडक व शिक्षित माणसांवांचून तें काम होणार नाहीं, हें आम्ही जाणतों, आणि पुन्हां सर्वांनीं घोड्यावर बसावें असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु कष्ट दुसऱ्याकडे सोंपवितां येतात, धोकाही सोंपवितां येतो. जबाबदारी सोंपवितां येत नाहीं. कोणत्या कामावर आपण त्याला पाठवितों, तें न्याय्य आहे काय, आणि तेथें जें घडलें त्याचा खरा वृत्तान्त आपल्याला ऐकावयाचा आहे काय, हें विचारणें म्हणजे त्याच्या शौर्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. उलट, हें न विचारणें म्हणजेच त्याला केपच्या त्या मोकळ्या जागेंत एकट्याला सोडून देणें होय.

शब्दाचा गौरव वाढला कीं त्याचा वापर स्वस्त होतो. पुढाऱ्यांच्या भोंवतीं उभे राहणारे रक्षक पाहून कोणाची प्रतिष्ठा किती हें ठरविण्याची वहिवाट आपल्याकडे पडली, आणि 'किती कमांडो मिळाले' हा मानाचा प्रश्न झाला. हातीं दिलेली ठेव येथें अंगावरचा दागिना झाली. त्याविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

कुळाचा विचार केला तर हा शब्द धड थोर घराण्यांतला नाहीं आणि धड हीनही नाहीं. सान लोकांचें रक्त त्याच्यावर आहे, बोअर शेतकऱ्याचें कर्तव्य त्यांत आहे, सें-नाझेरचें साहस आहे आणि सार्कचा डागही आहे. तें आतां कोणालाच बदलतां येणार नाहीं. शीलाची गोष्ट निराळी. तें ह्या क्षणींही घडतें आहे. आणि तें घडविण्याचें काम केवळ बंदूक धरणाऱ्याचें नाहीं, तर ती त्याच्या हातीं देणाऱ्यांचेंही आहे. मुलें अंगणांत कमांडो-कमांडो खेळतील, त्यांना खुशाल खेळूं द्यावें. मात्र तीं थोडीं मोठीं झालीं म्हणजे 'तुला कोणीं पाठविलें, आणि कशासाठीं?' एवढें घरांतील कोणीतरी त्यांना विचारावें.